काळ्या घोड्याच्या अंगणात

मुंबईच्या फोर्ट विभागात ‘काळा घोडा’ नावाचा एक चौक आहे. मुंबईतील लहानथोरांना हे नाव चांगले परिचित आहे. पाहुण्यांना वाट सांगताना ‘काळ्या घोड्यापासून वळा’ असे लोक सहज सांगतात. नवल असे, की पन्नासांहून अधिक वर्षे या चौकात घोडा मुळी नव्हताच! परगावचा मनुष्य तेथे उभा राहून इकडेतिकडे घोडा शोधू लागला, तर त्यात त्याचा दोष नव्हता. नाव होते, घोडा मात्र नव्हता.

हे कसे घडले, त्याची कथा मोठी गमतीची आहे. इंग्लंडचा युवराज एडवर्ड १८७५ साली मुंबईस आला होता. त्या भेटीचे स्मारक म्हणून सर अल्बर्ट ससून या धनिक व्यापाऱ्याने त्याचा अश्वारूढ पुतळा करवून घेतला. बोएम नावाच्या शिल्पकाराने घडविलेला तो ब्राँझचा पुतळा १८७९ साली या ठिकाणी उभारण्यात आला. घोड्यावर बसलेला तो युवराज पुढे मोठ्या साम्राज्याचा अधिपती झाला. परंतु रस्त्याने जाणाऱ्यायेणाऱ्या लोकांनी त्या स्वाराची फारशी दखल घेतली नाही. त्यांच्या डोळ्यांत भरला तो त्याचा काळाभोर घोडा! आणि लोकांनी त्या जागेला नाव दिले तेही घोड्याचे. स्वातंत्र्यानंतर, १९६५ साली, तो पुतळा तेथून हलविण्यात आला व भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, नेऊन ठेवण्यात आला. राजा गेला, त्याच्याबरोबर घोडाही गेला. परंतु लोकांच्या तोंडचे नाव काही गेले नाही. अखेर २०१७ साली त्या चौकात नवा घोडा आला. वास्तुशिल्पी अल्फाझ मिलर यांनी त्याची कल्पना मांडली आणि शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी तो घडविला. या घोड्याच्या पाठीवर मात्र कोणीही स्वार नाही.

या चौकाच्या परिसरात दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी नऊ दिवसांचा एक कलामहोत्सव भरतो. या भागातील जुन्या वास्तूंचे जतन व्हावे आणि हा परिसर कलांचे माहेरघर म्हणून ओळखला जावा, या हेतूने १९९८ साली ‘काळा घोडा असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, १९९९ साली, तिने हा महोत्सव सुरू केला. संगीत, नृत्य, नाट्य, चित्रपट, चित्रकला, शिल्पकला आणि साहित्य या सर्वांना येथे स्थान आहे. मुलांसाठी निराळे कार्यक्रम असतात. विशेष हे, की महोत्सव पाहावयास प्रवेशमूल्य द्यावे लागत नाही. ज्याला डोळे आणि कान आहेत, तो या उत्सवाचा पाहुणा.

बहुतेक लोक या उत्सवास सायंकाळी जातात. त्या वेळी दिवे लागलेले असतात, गाण्याचे व नृत्याचे मोठे कार्यक्रम सुरू होतात आणि गर्दी एवढी लोटते, की समोरच्या माणसाच्या पाठीखेरीज काही दिसत नाही. ती शोभा निराळी आहे, यात शंका नाही. परंतु ज्याला काही नीट पाहावयाचे आहे, काही समजून घ्यावयाचे आहे, त्याने दिवसा जावे. शनिवार-रविवार टाळून सकाळीच गेले, तर फारच उत्तम. सकाळच्या उन्हात दगडावरील कोरीव काम स्पष्ट दिसते, कलावंतांना दोन शब्द बोलावयास सवड असते आणि रात्रीच्या कार्यक्रमामागे केवढे कष्ट असतात, तेही आपल्या दृष्टीस पडते. चला तर, आपणही सकाळीच निघू या.

चर्चगेट स्थानकावर उतरून आपण पायीच चालू लागलो, की थोड्याच वेळात ओव्हल मैदान लागते. मैदानाच्या पूर्वेस उच्च न्यायालय आणि मुंबई विद्यापीठ यांच्या भव्य इमारती उभ्या आहेत. विद्यापीठाचा उंच मनोरा तो राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने दिलेल्या देणगीतून तो उभारला गेला व त्याला त्यांच्या आईचे नाव देण्यात आले. १८७८ साली तो पूर्ण झाला. मैदानाच्या पश्चिमेस त्यानंतर पाऊणशे वर्षांच्या आत बांधलेल्या, साध्या व रेखीव धाटणीच्या इमारतींची ओळ आहे. एका मैदानाच्या दोन बाजूंना दोन काळ समोरासमोर उभे आहेत, असे येथे वाटते. या दोन्ही ओळी आणि त्यांच्या सभोवतालचा परिसर यांचा २०१८ साली जागतिक वारशात समावेश झाला. अर्थात, उत्सवाचे ठिकाण येण्यापूर्वीच आपले पाहणे सुरू झालेले असते.

विद्यापीठाला वळसा घालून आपण काळ्या घोड्यापाशी येतो. ज्या रस्त्यावरून एरवी मोटारी धावत असतात, तो रस्ता उत्सवाच्या दिवसांत वाहनांना बंद असतो. रस्त्याच्या मधोमध मोठमोठी शिल्पे व रचना मांडलेल्या असतात. कोणी लाकडाचे, कोणी कापडाचे, कोणी गंजलेल्या लोखंडाचे, तर कोणी आपण फेकून देतो अशा टाकाऊ वस्तूंचे काहीतरी घडविलेले असते. प्रथमदर्शनी कित्येकदा अर्थ लागत नाही. ‘हे काय आहे?’ असा प्रश्न मनात येतो. त्याची लाज वाटू देऊ नये. हा प्रश्न पडणे हीच पाहण्याची पहिली पायरी होय.

एक साधा नियम मात्र पाळावा. एखाद्या शिल्पासमोर आल्याबरोबर त्याचे छायाचित्र घेण्याची घाई करू नये. अनेक जण भ्रमणध्वनी पुढे करतात, शिल्पापुढे स्वतः उभे राहतात, चित्र टिपतात आणि पुढच्या शिल्पाकडे धावतात. घरी गेल्यावर त्यांच्याजवळ शंभर चित्रे असतात. पण एकही शिल्प त्यांनी पाहिलेले नसते! आपण तसे करू नये. शिल्पाभोवती आधी एक फेरी घालावी. समोरून दिसते त्याहून ते मागून निराळे दिसते. त्याची सावली कोठे पडते, ते कशाचे केले आहे, त्याचे जोड कोठे आहेत, ते कशावर तोललेले आहे, हे न्याहाळावे. शिल्पाला हात लावू नये, त्यावर रेलू नये. कारण हजारो हातांचा भार कोणतीही कलाकृती सोशीत नाही. मग हवे तर छायाचित्र घ्यावे.

चौकालगतच पिवळसर दगडाची एक देखणी इमारत आहे. ते डेव्हिड ससून ग्रंथालय. या ग्रंथालयाचा उगम कोणाच्या मनात झाला असेल, असे तुम्हांला वाटते? एखाद्या विद्वानाच्या? एखाद्या राजाच्या? नव्हे. सरकारी टांकसाळीत व गोदीत काम करणाऱ्या तरुण कारागिरांनी १८४७ साली आपल्या ज्ञानवृद्धीसाठी एक संस्था काढली. दिवसभर यंत्रांजवळ राबणाऱ्या त्या तरुणांना शिकण्याची ओढ होती. पुढे ससून कुटुंबाच्या व इतरांच्या साहाय्याने त्या संस्थेला ही वास्तू मिळाली. ती १८७० साली पूर्ण झाली. तिच्या मागे झाडांच्या सावलीत एक शांत बाग आहे. उत्सवाच्या दिवसांत त्या बागेत लेखक आपल्या पुस्तकांविषयी बोलतात आणि श्रोते त्यांना प्रश्न विचारतात. रस्त्यावरच्या गजबजाटातून येथे आले, की उन्हातून माजघरात आल्यासारखे वाटते. येथे काही वेळ बसून एखादे व्याख्यान शेवटपर्यंत ऐकावे. मधेच उठून जाणे हे वक्त्याचा अनादर करणारे तर असतेच; पण पुष्कळदा बोलण्यातील सार शेवटीच येते व उठून गेलेला त्याला मुकतो.

तेथून बाहेर पडल्यावर आपण हस्तकलांच्या दुकानांकडे जाऊ. मातीची भांडी, हातमागाची वस्त्रे, लाकडाची खेळणी, धातूची कामे असे देशाच्या नाना भागांतील कसब येथे मांडलेले असते. काही वस्तू महाग असतात आणि आपल्या खिशात परतीच्या भाड्यापुरतेच पैसे असतात. म्हणून मनाने संकोचू नये. विकत घेण्यास पैसे लागतात. पाहण्यास आणि विचारण्यास लागत नाहीत. ‘काका, हे तुम्ही कसे करता?’ किंवा ‘मावशी, हा रंग कशाचा?’ असे नम्रपणे विचारले, तर बहुतेक कारागीर हातातले काम क्षणभर थांबवून सांगू लागतात. आपल्या कामाविषयी कोणी आस्थेने विचारावे, याचा आनंद त्यांनाही असतोच.

वारली चित्रांचेच उदाहरण घ्या. ही चित्रे आता पिशव्यांवर, पेल्यांवर आणि शाळांच्या भिंतींवरही दिसतात. परंतु त्यांचे मूळ स्थान पालघर जिल्ह्यातील वारली लोकांच्या कुडाच्या घरात आहे. माती व शेण यांनी सारवलेल्या, गेरूने रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने ही चित्रे उमटतात. कुंचला म्हणजे बांबूची काडी. तिचे टोक चावून मऊ केलेले असते. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्या तीनच आकृत्यांतून माणसे, झाडे, गुरे, शेत आणि तारप्याभोवती फेर धरून नाचणारी सारी वस्ती उभी राहते. तारपा हे भोपळ्याचे, फुंकून वाजवावयाचे वाद्य आहे. लग्नघरी भिंतीवर देवीचा ‘चौक’ लिहिण्याचा मान सुवासिनींचा असतो. होय, ‘लिहिण्याचा’! वारली लोक चित्र काढले असे म्हणत नाहीत, चित्र लिहिले असे म्हणतात.

ही चित्रे पूर्वी लग्नासारख्या मंगल प्रसंगीच लिहिली जात. डहाणूजवळच्या गंजाड गावचे जिव्या सोमा मशे यांनी ही सीमा ओलांडली. ते प्रसंगाची वाट न पाहता रोज चित्रे काढू लागले. १९७० नंतरच्या दशकात त्यांची चित्रे गावाबाहेरच्या लोकांनी पाहिली, आणि भिंतीवरची ही कला कागदावर व कापडावर उतरून जगभर गेली. २०११ साली त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविण्यात आले. २०१८ साली ते निवर्तले. एका कुडाच्या भिंतीकडे कोणीतरी थांबून नीट पाहिले, म्हणून एवढी मोठी वाट उघडली. अन्यथा पावसाबरोबर ती चित्रे धुऊन जात राहिली असती आणि आपणांस त्यांचा पत्ताही लागला नसता.

दुपारचे ऊन चढू लागले, की आपण जहांगीर कलादालनात जाऊ. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून हे दालन उभे राहिले. १९५२ साली ते खुले झाले. देशातील अनेक नामवंत चित्रकारांची चित्रे येथील भिंतींवर लागली आहेत. येथे वर्षभर विनामूल्य प्रवेश असतो. तरीदेखील पुष्कळ लोक काचेच्या दारापर्यंत येतात आणि ‘हे आपल्यासाठी नसावे’ अशा समजुतीने परत फिरतात. या महोत्सवाने केलेले मोठे काम कोणते असेल, तर ही समजूत दूर करणे हे होय. चित्रे आणि शिल्पे जेव्हा दालनाबाहेर रस्त्यावर येऊन उभी राहतात, तेव्हा रस्त्यावरचा मनुष्यही दालनात पाऊल टाकण्याचे धैर्य करतो. दालनासमोरच्या पदपथावरही चित्रकार आपली चित्रे मांडून बसलेले असतात. आतील चित्र थोर आणि बाहेरील सामान्य, असे आधीच ठरवून पाहू नये. आपल्या डोळ्यांनी पाहावे आणि मग ठरवावे.

येथून जवळच एक इमारत आहे. तिच्यापाशी क्षणभर थांबले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात ते वॉटसन यांचे प्रसिद्ध हॉटेल होते. त्या वास्तूचा सारा सांगाडा लोखंडाचा असून त्याचे सुटे भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईस आणले होते. ७ जुलै १८९६ या दिवशी या हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली. भारतात चित्रपट प्रथम दिसला तो येथे! पुढे मात्र या वास्तूची हेळसांड झाली. २००५ साली तिचा काही भाग कोसळला आणि २०१९ साली ती जीर्ण झाल्यामुळे रिकामी करावी लागली. रोज हजारो लोक तिच्याखालून जात होते. परंतु मान वर करून तिच्याकडे पाहणारे थोडे.

याउलट फोर्टमधील बोमनजी होरमसजी वाडिया यांच्या स्मरणार्थ उभारलेला घड्याळाचा मनोरा पाहा. तोही दुर्लक्षामुळे मोडकळीस आला होता. काळा घोडा असोसिएशनने पुढाकार घेऊन त्याची निगुतीने दुरुस्ती करविली. त्याचे गेलेले रूप त्याला परत मिळाले. रतनशी मुळजी जेठा यांच्या नावाचे जुने दगडी कारंजेही असेच पुन्हा वाहते झाले. एक वास्तू कोसळली व दुसरी सावरली. हा भेद दगडाच्या मजबुतीमुळे झाला नाही. एकीकडे वेळीच कोणाचे लक्ष गेले नाही आणि दुसरीकडे गेले, एवढाच तो भेद. म्हणून या परिसरातून जाणकारांबरोबर पायी फिरण्याचे जे कार्यक्रम महोत्सवात असतात, त्यांत अवश्य सामील व्हावे. आपल्या गावाकडे कसे पाहावे, हे त्यातून शिकता येते.

दुपार कलली, की आपण परतीची वाट धरू. हुतात्मा चौकावरून पुढे गेले, की क्रॉस मैदान लागते. सायंकाळच्या संगीताच्या व नृत्याच्या कार्यक्रमांसाठी या मैदानावर रंगमंच उभारण्यात येतो. दिवसा तेथे चाललेली सिद्धता हाही एक पाहण्याजोगा कार्यक्रमच असतो. कोणी दिव्यांच्या तारा जोडीत असतो, कोणी ध्वनिक्षेपकावर ‘एक, दोन, तीन’ म्हणून आवाजाची पारख करीत असतो. घुंगरू बांधलेल्या नर्तकी रंगमंचाची लांबीरुंदी पावलांनी मोजून घेत असतात.

तबलजी तबला लावताना दिसला, तर तेथे अवश्य रेंगाळावे. समुद्राकाठच्या दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते आणि स्वर उतरतो. मग तो हातोडीने गजऱ्यावर हलके घाव घालतो, वादीखालचे गठ्ठे सरकवितो, पुन्हा बोट मारून ऐकतो. शेजारी तंबोऱ्याच्या तारांखाली, घोडीवर, एक बारीकसा दोरा सरकवून जवारी लावण्याचे काम चाललेले असते. दोरा केसभर इकडे-तिकडे झाला, तरी नाद बदलतो. तो योग्य जागी बसला, की तारेतून असा भरदार झंकार उठतो, की जणू एकाच तारेत अनेक तारा बोलत आहेत. सायंकाळी श्रोत्यांना जे तासाभराचे गाणे ऐकू येईल, त्यामागे ही एकाग्रता आहे आणि वर्षानुवर्षांचा रियाज आहे. रात्री उत्सव दिसतो. तो कसा उभा राहतो, हे दिवसा कळते.

गायकाने गावयाचे, चित्रकाराने चित्र काढावयाचे, मग आपण काय करावयाचे? केवळ टाळ्या वाजवावयाच्या? तसे नाही. कलेच्या व्यवहारात पाहणाऱ्याचा व ऐकणाऱ्याचाही वाटा असतो. तबलजी जेवढ्या लक्षपूर्वक स्वर मिळवितो, तेवढ्याच लक्षपूर्वक ऐकणारा कोणी समोर असेल, तरच त्याचे श्रम सार्थकी लागतात. ज्याच्याकडे कोणी पाहत नाही, ते चित्र धुऊन जाते, ती वास्तू ढासळते, ते वाद्य अडगळीत पडते. जे लोक प्रेमाने पाहतात, ते टिकते. पाहणे हेदेखील एक प्रकारे राखणेच आहे.

म्हणून सगळा उत्सव एका दिवसात उरकण्याचा हव्यास धरू नये. दहा गोष्टी धावत पाहण्यापेक्षा तीनच पाहाव्या. परंतु अशा पाहाव्या, की रात्री घरी गेल्यावर आजीला त्यांचे वर्णन करून सांगता यावे. आणि मुंबईस जाणे घडले नाही, म्हणून खंतही करू नये. तुमच्या गावच्या जत्रेत सनई वाजत असेल, कुंभारवाड्यात चाक फिरत असेल, जुन्या देवळाच्या खांबांवर कोणा अनामिकाने फुले कोरली असतील. तेथेही थांबता येते.

उन्हे उतरू लागली आहेत. मैदानाकडे माणसांची रीघ लागली आहे आणि आपण मात्र चर्चगेटची वाट धरली आहे. गाडीत बसल्यावर डोळे मिटून घ्या आणि आज पाहिलेला काळा घोडा आठवून पाहा. त्याच्या पाठीवर राजा नाही, सेनापती नाही. कोणे एके काळी लोकांनी त्या राजाकडे न पाहता घोड्याकडे पाहिले, म्हणून घोडा नसतानाही पन्नासांहून अधिक वर्षे त्याचे नाव जिवंत राहिले, आणि ते नाव राहिले म्हणूनच एक दिवस घोडाही परत आला.